दगडाच्या पिठात मूग

त्या वर्षी इस्लापूरजवळचा सहस्रकुंडाचा धबधबा आटला होता. एरवी लोक तिथे पाणी बघायला जातात. आम्ही दगड आणायला गेलो. आम्ही म्हणजे मी आणि आमच्या कॉलेजातले भूगर्भशास्त्राचे सर. जानेवारीचा महिना, पैनगंगेचं पात्र उघडं पडलेलं, आणि एरवी ज्या कातळावर पाणी आपटतं तिथे दोन शेळ्या उभ्या होत्या. सरांनी पात्रात पडलेले फुटके तुकडे उचलून बघितले, एकेक हातोडीने वाजवला आणि पोत्यात टाकला. पोतं ओढताना त्यांना धाप लागत होती. निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलं होतं.

"चंद्रावर जे काळे डाग दिसतात ना मॅडम," ते म्हणाले, "लोक त्याला ससा म्हणतात, हरीण म्हणतात, तो असलाच काळा दगड आहे. लाव्हा थंड होऊन झालेला. आपल्या पायाखाली जो आहे त्याचा चुलत भाऊ."

सरांची कल्पना अशी, की उद्या माणूस चंद्रावर राहायला गेला तर धान्य इथून किती दिवस नेणार? तिथेच पेरावं लागेल. पण तिथे माती नाही. माती म्हणजे कुजलेला पाला, किडे, डोळ्यांना न दिसणारे जीव, हजारो वर्षांचं ऊन-पाऊस. तिथे नुसती दगडाची पूड. मग आपला दगड तसाच दळावा, भट्टीत तापवून त्यातला जीवजंतू मारून टाकावा आणि त्यात काय उगवतं ते बघावं. विद्यापीठाने छोटा प्रकल्प मंजूर केला होता. सरांना दगड कळत होता, झाड कळत नव्हतं. म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं.

मी वनस्पतिशास्त्र शिकवत होते, तासिका तत्त्वावर. बेचाळीस वर्षांची झाले होते, नांदेडात एकटी राहत होते आणि दर जूनमध्ये पुन्हा नव्याने मुलाखतीला बसत होते. चंद्राचं मला काही विशेष वाटलं नाही. प्रकल्पात नाव लागलं तर पुढच्या मुलाखतीत सांगता येईल, एवढंच वाटलं.

दगड शहराबाहेरच्या एका खडी क्रशरवर फोडून घेतला. पुढचं काम माझं. तोंडाला ओढणी बांधून मी ती कच लोखंडी खलात कुटायची आणि मैद्याच्या चाळणीतून चाळायची. ती पूड मातीसारखी नव्हती. बोटांत घेतली की काचेसारखी टोचायची. पंधरा दिवस माझ्या नखांच्या कडा काळ्या होत्या आणि खोकला येत होता. शेवटी अठरा डबे भरले. सहांत साधी काळी माती, तुलनेसाठी. सहांत दगडाचं पीठ आणि वर मोजून खताचं पाणी. आणि सहांत दगडाचं पीठ व नुसतं शुद्ध पाणी, दुसरं काही नाही. सगळ्यांत मूग पेरला, कारण मूग लवकर येतो आणि ऊन सोसतो.

पहिल्याच पाण्याला दगडाच्या पिठाने आपला स्वभाव दाखवला. पाणी वरच थांबलं, मग एकदम गडप झालं, आणि दुसऱ्या दिवशी वर सिमेंटसारखी पापडी. कोंब त्या पापडीला डोक्याने ढकलत होते. काही वाकडे होऊन वर आले, काही आलेच नाहीत. मी पेन्सिलीच्या टोकाने पापडी फोडायची आणि वहीत लिहायची.

मार्चच्या अखेरीस कॉलेजचा बोअर आटला. हॉस्टेल रिकामं केलं, परीक्षेपुरते वर्ग ठेवून प्रयोगशाळांना कुलपं लावायचं ठरलं. सर म्हणाले, "डबे घरी नेता येतील का तुम्हाला? माझ्याकडे घरात जागा नाही." मी दोन ऑटो करून अठरा डबे माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांत आणले. पूर्वेच्या खिडकीखाली एक लोखंडी रॅक होता, त्यावर बहुतेक बसले. दोन उरले. ते नुसत्या पाण्याचे होते, ते दाराजवळच्या स्टुलावर ठेवले.

त्याच आठवड्यात मी चाकूरला जाऊन मायला घेऊन आले.

अप्पा जाऊन चार वर्षं झाली होती. माय चाकूरच्या घरात एकटी राहायची. टँकर कधी येईल त्याचा भरवसा नव्हता आणि तिच्याने गर्दीत घागर भरणं होत नव्हतं. गुडघे गेले होते. तरी ती यायला तयार नव्हती. "तिथं तर गोदावरी हाय मनतेत, मग तुला तरी कुठं रोज पाणी यायलंय?" असं म्हणत तिने एक पिशवी भरली. पिशवीत दोन लुगडी, विभूतीची वडी आणि पूजेचा तांब्या. गळ्यातलं लिंग गळ्यातच.

माझ्या खोलीत आल्यावर तिने आधी डबे बघितले.

"हे काय गं?"

मी सांगितलं. चंद्र, दगड, मूग, सगळं. तिने दाराजवळच्या दोन डब्यांतल्या पिवळट रोपांकडे बोट केलं. "आन् ह्यास्नी?"

"ह्यांना नुसतं पाणी."

"खत न्हाई?"

"नाही. तोच तर प्रयोग आहे माय."

"रॅकावरच्या त्यास्नी देतीस आन् ह्यास्नी न्हाई. सावत्रावानी," ती म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली. एका तांब्यात तिने हातपाय धुतले आणि ते पाणी बादलीत साठवलं.

एप्रिल आला. लातूरला रेल्वेने पाणी आलं. टीव्हीवर दिवसभर त्या गाड्या दाखवायचे. माय खाटेवर बसून बघायची. मी आठ वर्षांची असताना लातूर नवा जिल्हा झाला होता आणि त्या नव्या कचेरीत अप्पांना शिपायाची नोकरी लागली होती. आम्ही गावाकडून लातूरच्या एका खोलीत राहायला आलो. अप्पा नवा गणवेश घालून निघायचे तेव्हा गल्लीतले लोक म्हणायचे, जिल्ह्याचा माणूस चालला. टीव्हीकडे बघत माय म्हणाली, "नवा जिल्हा झाला तवा समदं आलं बग. कलेक्टर आला, कोर्ट आलं, लाल दिव्याची गाडी आली. पाणी तेवढं आणायचं इसरले." तिने टीव्ही बंद करायला सांगितला.

मी डब्यांसाठी जारचं पाणी विकत आणत होते, कारण नळाच्या पाण्यात क्षार. एकदा घरमालकीणबाई पायरीवर उभ्या राहून बघत होत्या. डब्याला वाटीभर, असं मी मोजून घालत होते. त्या थोडा वेळ थांबल्या, मग म्हणाल्या, "मॅडम, लोकाला प्यायला न्हाई आन् तुम्ही दगडाला पाणी घालून राहिल्या?"

त्या दिवसापासून मी दार लावून पाणी घालू लागले. आपण काही चोरी करत नाही हे कळत होतं, तरी दार लावत होते.

एप्रिलच्या मध्यावर रॅकवरचे नुसत्या पाण्याचे चार डबे ठरल्यासारखे मेले. बियात जेवढं होतं तेवढं संपलं, पानं जांभळट झाली, गळाली. मी तारखा टाकल्या. पण स्टुलावरचे दोन मरेनात. उलट त्यांची नवी पानं हिरवी यायला लागली. मी डब्यांचे नंबर पुन्हा तपासले. दोन्ही नुसत्या पाण्याचेच.

सरांना फोन केला. ते भर दुपारी डोक्याला रुमाल बांधून स्कूटरवर आले. स्टुलापुढे उकिडवे बसले आणि भिंगातून पानं बघत राहिले. "दगडच खायला घालतोय त्यांना," ते म्हणाले. "दारातून वारा येतो, दिवसरात्रीचा फरक पडतो, दगड झिजतोय. मॅडम, दगडातून अन्न सुटतंय." मी त्यांना इतक्या मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मायने त्यांना चहा दिला. फोटो काढून ते गेले. आठवड्याभरात फोन आला. बाहेरच्या राज्यातल्या एका मोठ्या संस्थेला त्यांनी फोटो आणि नोंदी पाठवल्या होत्या आणि तिथून दोघांना बोलावणं आलं होतं. "दोघांना," त्यांनी पुन्हा सांगितलं.

किती वर्षांनी मला हलकं वाटलं. दोन दिवस मी बाजारात चालताना सुद्धा मनातल्या मनात इंग्रजीत बोलत होते.

मेच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर उठले. मायची पूजा संपत आली होती. ती डाव्या तळहातावर लिंग ठेवून बसायची, त्यावर चमच्याने पाणी घालायची, थोडं दूध, पुन्हा पाणी, मग विभूती. सगळं खालच्या ताटलीत जमायचं. लहानपणापासून बघितलेलं, म्हणून मी कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या सकाळी ती लिंग गळ्यात घालून उठली, भिंतीला धरत दारापाशी गेली आणि ताटली स्टुलावरच्या डब्यांत ओतली. अर्धी एकात, अर्धी दुसऱ्यात. थेंब सांडू दिला नाही.

"माय!"

ती दचकली. "काय झालं?"

"रोज घालतीस का हे?"

"मग कुठं सांडू? पूजेचं पाणी हाय. पायाखाली येऊ द्यायचं न्हाई. चाकुरात बेलाच्या बुडाला घालते. तुझ्याकडं झाड न्हाई."

"आणखी काय घालतीस?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला काहीतरी चुकलंय हे कळलं. हळू आवाजात म्हणाली, "तांदळाचं धुवण. कवा डाळीचं. फेकायचंच की ते. ते रॅकाच्या खालच्या फळीवर, तितकं वाकता येत न्हाई मला. न्हाईतर त्या चार लेकरास्नीबी दिलं असतं."

मी स्टुलाशेजारी खाली बसले. राख, दूध, डाळीचं पाणी. झाडाला लागतं ते सगळं तिने रोज दिलं होतं, मी ते वहीत 'नुसतं पाणी' म्हणून लिहिलं होतं आणि सरांनी ते पुढे पाठवलं होतं. तिच्यावर ओरडावं असं वाटलं. ती माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होती. "मरायलेत असं दिसलं मनून घातलं बाई," ती म्हणाली.

चार दिवस मी सरांना सांगितलं नाही. खरं तर सांगायचं नाही असंच ठरवलं होतं. कोणाला कळणार होतं? डबे दोन, हे ठाऊक असलेली माणसं दोन. माय तर कुणाशी बोलत नव्हती. त्या चार दिवसांत मी तिला डब्यांत काही घालू दिलं नाही. ती ताटली हातात घेऊन माझ्याकडे बघायची आणि मी खिडकीकडे बोट दाखवायची. खिडकीच्या कट्ट्यावर ते पाणी ओतलं की उन्हाने लगेच सुकायचं. पाचव्या दिवशी सरांनी जायच्या गाडीचं आरक्षण करू का म्हणून विचारलं, तेव्हा मी त्यांच्या घरी गेले.

त्यांच्या पत्नीने अर्धा भरलेला पेला पाणी आणून ठेवलं. तेव्हा सगळीकडे पाहुण्याला अर्धाच पेला देत असत. मी सगळं सांगितलं. सर ऐकत होते. मध्येच त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तो परत घातलाच नाही. मग विचारलं, "दूध किती? रोज?"

"चमचाभर."

"आणि विभूती कशाची? शेणाची राख?"

"हो."

त्यांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर ते लिहून घेतलं. मग उठले आणि तिथेच फोन लावला. मला बाहेर जावं की बसावं कळेना. मी बसून राहिले. ते इंग्रजीत बोलत होते, सावकाश. नोंदी ग्राह्य धरू नयेत. नाही, सहकाऱ्यांची चूक नाही. डबे घरी हलवायला मीच सांगितलं होतं, देखरेख माझी होती. हो, दोन्ही डबे. नाही, आम्ही येणार नाही. फोन ठेवून ते खुर्चीत बसले.

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. आवाजात बरं काही नव्हतं. पण ते खोटंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या घरी आले. त्यांना मुळं बघायची होती. माय आतल्या खोलीत जाऊन बसली. आम्ही एक डबा कापला, तर आतलं पीठ विटेसारखं घट्ट झालेलं. सरांनी हातोडी घातली, तुकडा उडून भिंतीला लागला. मी घातली, तर नुसताच ओरखडा. एवढ्यात माय बाहेर आली. माझ्या हातातून हातोडी घेतली, मांडी घालता येत नव्हती म्हणून पाय लांब करून बसली, ढेकळाखाली फडकं ठेवलं आणि कडेने टक टक असं मारत गेली. ढेकूळ शिरेवर अलगद उकललं. मुळाला धक्का लागला नाही.

सर म्हणाले, "अक्का, हे कुठं शिकलात?"

"दुष्काळी कामावर," माय म्हणाली. "बहात्तरचा. चाकूरच्या रस्त्याला खडी फोडायला व्हते मी. लगीन होऊन वरीस झालं व्हतं."

मला हे माहीत नव्हतं. ती दुष्काळाबद्दल बोलायची ती कामावर वाटायच्या सुकडीच्या चवीबद्दल, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीबद्दल. खडीबद्दल कधी नाही.

"पाच महिन्याची व्हते," ती पुढे म्हणाली, ढेकळाकडेच बघत. "तुझ्या अगुदरचा. ऱ्हायला न्हाई."

माझ्या आधी एक होता एवढं मला ठाऊक होतं. ती हातोडी मारत होती.

"तवाबी असंच उगवलं व्हतं," ती म्हणाली. "खडीच्या ढिगात. आमी बाया जिथं जेवायला बसायचो तिथं मिलोचे दाणे सांडले व्हते. गुडघ्याएवढं आलं. बाकी सगळा रस्ता दगडाचाच, तिथं कायबी न्हाई."

सर पुढे सरकले. "तिथंच का आलं असेल?"

"तिथं माणसं बसत व्हती सायेब. हात धुवायचे, खरकटं पडायचं, लेकरं मुतायची. माणसाचं काय काय पडतंच की."

"कणीस धरलं का?"

"न्हाई. मुकादमानं ढीग हालवला."

सरांनी वहीत लिहिलं. मुळं आम्ही पाण्यात धुतली. ती ढेकळात शिरलीच नव्हती. डब्याच्या कडेने, जिथून ते पाणी ओघळत होतं, तिथूनच एकमेकांत गुंडाळत खाली गेली होती. सर म्हणाले, चंद्रावर गेलेल्या माणसांनाही शेवटी हेच करावं लागेल, आपलंच खरकटं आणि आपलंच मलमूत्र दगडात घालावं लागेल. तेव्हा मायने पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघितलं. "मग तेवढं लांब कामून जायलेत?" सर हसले. त्या महिन्यातलं ते एकच हसणं मला आठवतं.

दुसऱ्या डब्याला सोळा शेंगा लागल्या. दाणे बारीक, सुरकुतलेले. मोजणीत धरता येत नव्हते, तरी सरांनी कागदाच्या पुडीत घालून वर लिहिलं, 'अक्कांचे'. ती पुडी ते घेऊन गेले.

जूनच्या अखेरीस माय चाकूरला परत गेली. थांब म्हटलं तर म्हणाली, "इथं माझ्यानं तुझं नुकसानच व्हतं." मी नाही म्हणाले. पण पुरेसा जोर लावून म्हणाले नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. ऑटोत बसताना तिने मागे वळून खिडकीकडे बघितलं. रॅक रिकामा होता.

कॉलेज उघडल्यावर आम्ही सगळं पुन्हा केलं. नवं पीठ, नवे डबे, प्रयोगशाळेला कुलूप, किल्ली फक्त माझ्याकडे. आता पाणी होतं, बाहेर चिखल होता, मुलींच्या चपलांनी व्हरांडा बरबटला होता. नुसत्या पाण्याचे सहाही डबे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकामागून एक गेले. मी रोज उंची मोजायची, रंग लिहायची आणि बाजूला काही न करता उभी राहायची. खताच्या पाण्याचे चार जगले, त्यांना थोड्या शेंगा आल्या. काळ्या मातीतल्यांच्या निम्म्याही नाहीत.

त्या रविवारी मायला फोन केला.

"ते बिनखताचे?" तिने विचारलं.

"मेले."

"समदे?"

"सगळे."

ती म्हणाली, "आज सैपाक काय केलीस?"

मी काही केलं नव्हतं. खिचडी, असं सांगितलं.

सरांचा अहवाल बारा पानांचा झाला. दगडाच्या पुडीत नुसत्या पाण्यावर मूग जगत नाही, असं त्यात लिहिलं होतं. आधीच्या डब्यांचा उल्लेख त्यांनी तळटिपेत केला, कारणासकट, आणि माझं नाव त्यांच्या नावाशेजारी ठेवलं. विद्यापीठाकडून पोच आली. पुढच्या मुलाखतीत मी तो अहवाल पुढे केला. समितीतल्या एकाने पानं चाळली, तळटीप वाचली आणि विचारलं, "म्हणजे प्रयोग फसला?" मी म्हटलं, पहिला फसला, दुसरा बरोबर आला. "पण दुसऱ्यात तर झाडं मेली," ते म्हणाले. मी होय म्हणाले. त्या वर्षी मला तास मिळाले नाहीत.

आता मी लातूरला एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. शनिवारी दुपारच्या बसने चाकूरला जाते, सोमवारी पहाटे परत येते. मायला आता उठून बेलापर्यंत जाता येत नाही. मी असते तेव्हा ताटली मी नेते. एरवी शेजारची सून नेते, आणि ती विसरते अशी मायची तक्रार असते. मी सुनेला सांगते. ती हो म्हणते. पुढच्या शनिवारी तीच तक्रार.